मालिकांतल्या अर्धवट राहिलेल्या जोड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मालिकांवर मी बरीच वर्षं लिहिते आहे. वाचकांचे जे मेसेज येतात त्यांत कटकारस्थानांबद्दल फारसं कोणी विचारत नाही. विचारतात ते जोड्यांबद्दल. 'त्या दोघांचं पुढे नीट दाखवलंच नाही हो,' ही तक्रार तर इतक्या वेळा आली आहे की नेहमीचे प्रश्न एका जागी गोळा करून त्यांची उत्तरं लिहायला बसले. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जोडीवर अन्याय झाला म्हणजे नेमकं काय? लग्न झालं, संसार सुरू झाला, अजून काय दाखवायचं?

लग्नानंतरचंच तर दाखवायचं! आपल्याकडे लग्न आठवडाभर चालतं. हळद, मेंदी, संगीत, सप्तपदी, मग रविवारचा महाएपिसोड. सोमवारी नवी सून पदर खोचून स्वयंपाकघरात उभी असते आणि दाराआड कोणीतरी तिच्या दुधात काहीतरी मिसळत असतं. ज्या दोघांसाठी आपण सहा महिने जीव टांगणीला लावला, ते दोघं एकमेकांशी बोलताना दिसेनासे होतात.

हा प्रसंग तुम्ही शंभरदा पाहिला असेल. तो तिला गच्चीवर बोलावतो. 'मला तुला काहीतरी सांगायचंय.' ती मान वर करते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, मग त्याच्या, मग पुन्हा तिच्या. शीर्षकगीताची धून हळूच सुरू होते. तो बोलायला तोंड उघडतो आणि खालून हाक येते, 'लवकर या, आईंना चक्कर आली!' जाहिराती लागतात. ब्रेकनंतर आई सावरतात, पण त्याचं ते वाक्य त्या आठवड्यात परत येत नाही. कधीकधी कधीच येत नाही.

मी एवढंच बघते: त्या दोघांना फक्त एकमेकांबद्दल, मध्ये न तोडता, बोलू दिलं का? ते नसेल तर जोडी अर्धवट राहिली असं मी म्हणते.

२. मग हे नीट जमलेली एखादी मालिका सांगा ना.

दोन सांगते. पहिली 'जुळून येती रेशीमगाठी' (झी मराठी, २०१३ ते २०१५). मेघनाचं दुसऱ्यावर प्रेम असतं, वडिलांच्या हट्टापायी तिला आदित्य देसाईशी लग्न करावं लागतं, आणि तिच्या मनातल्या मुलाचं नावही आदित्यच. इथून रडारड करणं सोपं होतं. पण ललित प्रभाकर आणि प्राजक्ता माळी यांच्या वाट्याला बोलण्याचे प्रसंग आले. आदित्य तिच्यावर हक्क सांगत नाही, उलट तिला मदत करायला निघतो. आधी विश्वास, मग सवय, मग प्रेम, अशा क्रमाने मेघनाचं मन वळलं. प्रत्येक पायरीला मालिकेने वेळ दिला, म्हणून ते वळणं खरं वाटलं. त्याच घरात आदित्यच्या आईवडिलांचं, नाना आणि माई यांचं, मुरलेलं सहजीवनही होतं. मुलाने बायकोशी कसं वागावं हे त्याने कुठे पाहिलं असेल, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरी 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' (२०१२). घना आणि राधा, म्हणजे स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. दिग्दर्शन सतीश राजवाडे यांचं. घरच्यांच्या आग्रहातून सुटका म्हणून ठरवून केलेलं खोटं लग्न आणि त्यात नकळत पडलेला जीव. ही मालिका वर्षभरही चालली नाही. गोष्ट संपली तेव्हा मालिका संपली. आजही लोक तिचे जुने भाग शोधून बघतात.

३. तुमच्या मते सगळ्यात जास्त अन्याय कोणत्या जोडीवर झाला?

अरुंधती आणि आशुतोष. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं चालली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या, फसवणुकीतून बाहेर पडली. मग आला आशुतोष केळकर, तिच्या कॉलेजातला मित्र, ज्याने तेव्हापासून मनातलं कधी बोलून दाखवलं नव्हतं. ओंकार गोवर्धन यांनी तो इतक्या संयमाने केला की हा माणूस खोलीत शिरला की आवाज खाली यायचा.

विचार करा, या दोघांकडे दाखवण्यासारखं किती होतं. पन्नाशीकडे झुकलेली बाई, मोठी मुलं, आयुष्यभर 'आई' आणि 'सून' एवढीच ओळख. तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारतंय, 'तुला काय हवंय?' तिने गाणं पुन्हा सुरू केलं होतं. दुसऱ्या घरात जाताना तिला काय वाटलं असेल? नव्या स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत हे माहीत नसण्याचं अवघडलेपण, सकाळी उठल्यावर कोणासाठीच घाई नसण्याचं नवल, रात्री कोणीतरी आपली वाट बघतंय हे लक्षात येणं.

त्याऐवजी अरुंधती पुन्हा पुन्हा 'समृद्धी' बंगल्यावर दिसायची. तिथली भांडणं, तिथली आजारपणं, तिथल्या मुलांचे घोळ. लग्न २०२३ मध्ये झालं आणि २०२४ मध्ये आशुतोषचा अपघातात मृत्यू दाखवला. मध्ये राहिलेल्या काळातलं त्या दोघांचं स्वतःचं किती, हे आठवून बघा.

तो मृत्यूचा भाग लागला तेव्हा माझी आई मटार सोलत होती. तिचे हात थांबले. भाग संपला, पुढची मालिका सुरू झाली, तरी परातीत शेंगा तशाच. मग म्हणाली, 'तिला जरा बसू दिलं असतं गं त्याच्याजवळ.' एवढ्या नेमक्या शब्दांत मला ते अजून मांडता आलेलं नाही.

४. पण आशुतोषच्या जाण्यामुळेच अरुंधती एकटी, स्वतःच्या पायावर उभी राहिली. कथेची ती गरज नव्हती का?

ती आधीच उभी राहिली होती. घटस्फोट, स्वतःचं काम, स्वतःचं घर, हे सगळं तिने आशुतोषशी लग्न करण्यापूर्वीच मिळवलं. बाई स्वतंत्र आहे हे सिद्ध करायला तिच्या शेजारचा माणूस मरावा लागत नाही. शेजारी चांगला माणूस असूनही ती स्वतःची राहते, हे दाखवणं जास्त अवघड आहे आणि आपल्या पडद्यावर ते फार कमी वेळा दिसलं आहे. हातात आलेली संधी गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

५. राधिका-सौमित्रचं लग्न तर गाजलं होतं. त्यात कमी काय होतं?

'माझ्या नवऱ्याची बायको' ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. सौमित्रशी राधिकेचं लग्न लागेपर्यंत तीन वर्षांहून जास्त काळ गेला होता. तोवर मालिकेचा श्वास राधिकेचा पहिला नवरा गुरुनाथ, त्याची प्रेयसी शनाया आणि राधिका या तिघांतच अडकला होता, आणि लग्नानंतरही तो तिथून सुटला नाही. गुरुनाथला धडा कसा मिळणार, हाच प्रश्न पुढे चालू राहिला. अद्वैत दादरकर यांचा सौमित्र बिचारा त्या सूडकथेत राधिकेचा साथीदार झाला, नवरा व्हायचा राहून गेला.

त्यात मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. चित्रीकरण बंद पडलं, नवे भाग थेट जुलैत सुरू झाले, आणि तेही सेटवर अंतर राखून काम करण्याच्या नियमांसह. नुकतंच लग्न झालेल्या जोडीसाठी याहून वाईट वेळ नव्हती. हे कोणाच्या हातातलं नव्हतं, हे मान्य. पण मालिका मार्च २०२१ पर्यंत चालली. नंतरच्या महिन्यांतही त्या दोघांसाठी जागा काढली गेली नाही.

अनिता दाते यांची राधिका नागपूरकडची. तिची बोली, तिचे मसाले, तिचा हिशेबीपणा, हे सगळं गुरुनाथला गावंढळ वाटायचं. ज्याला ते आवडतं अशा माणसाबरोबर ती कशी बोलत असेल, कशी हसत असेल, हे मला बघायचं होतं. एक प्रसंग मनात आहे, तो शेवटच्या प्रश्नात लिहिला आहे.

६. आसावरी आणि अभिजीत राजे यांचं काय? त्यांची तर मालिकाच प्रेमावर होती.

लग्नापर्यंत होती. 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९ ते २०२१) हा फार धाडसी विषय होता. विधवा सासूचं लग्न सून, शुभ्रा, पुढाकार घेऊन लावते. निवेदिता सराफ यांची आसावरी घाबरट, सगळ्यांच्या पुढेपुढे करणारी. डॉ. गिरीश ओक यांचे अभिजीत राजे शेफ, रुबाबदार, पण तिच्याशी बोलताना एकदम मऊ. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला एक पुरुष रांधून वाढतो, यात सगळं आलं.

लग्नानंतर मात्र पडदा 'बबड्या'ने, म्हणजे आसावरीच्या लाडावलेल्या मुलाने, सोहमने, व्यापला. सोहमचा आळस, त्याची कारस्थानं, त्याला पाठीशी घालणारी आई. बबड्या हा शब्द घराघरांत गेला, पण राजे मागच्या रांगेत गेले. आसावरी आईपणातून बाहेर पडून बायको म्हणून, मैत्रीण म्हणून कशी फुलते, ही खरी गोष्ट होती. ती सुरुवातीच्या भागांत जेवढी दिसली तेवढीच.

७. आणि शुभ्रा? तिला कोणी धड जोडीदारच दिला नाही!

अगदी बरोबर. दुसऱ्याचं लग्न लावून देणारी मुलगी स्वतः मात्र सोहमच्या संसारात घुसमटत राहिली. पुढचा भाग 'अग्गंबाई सूनबाई' मार्च २०२१ मध्ये आला. शुभ्राच्या भूमिकेत तेजश्री प्रधान यांच्या जागी उमा पेंढारकर आल्या, सोहमही बदलला, आणि चिन्मय उदगीरकर यांचा अनुराग आला. काहीतरी उमलेल असं वाटत होतं. ऑगस्टमध्ये मालिका बंद झाली. अनुराग-शुभ्राला जेमतेम काही महिने मिळाले, तेही दोन्ही मुख्य कलाकार बदलल्यानंतरचे. कलाकार बदलल्यावर काय होतं, ते प्रश्न १४ मध्ये.

८. राणादा-पाठकबाईंना लोकांनी डोक्यावर घेतलं. तेही तुमच्या यादीत कसे?

पहिलं वर्ष नाही, नंतरची वर्षं यादीत आहेत. 'तुझ्यात जीव रंगला'ची सुरुवात मला अजून पाठ आहे. कोल्हापूरकडचा, फारसा न शिकलेला, तालमीत वाढलेला राणा आणि त्याच्या गावातली शिक्षिका अंजली. वसगड्याचा वाडा, ऊस, गुरं, 'चालतंय की'. त्याला शब्द सापडत नाहीत आणि तिला ते न सापडणं आवडतं. हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी लाजण्याला इतके प्रकार असतात हे दाखवलं.

पण ऑक्टोबर २०१६ ला सुरू झालेली मालिका २०२१ च्या जानेवारीपर्यंत चालली. नंदिता वहिनींच्या कारवायांनी एवढी जागा खाल्ली की राणा पुन्हा पुन्हा फसायचा आणि अंजली पुन्हा पुन्हा त्याला सोडवायची. शिकलेली बायको आणि न शिकलेला नवरा यांच्यात रोजच्या जगण्यात काय होतं, तो तिच्याकडून काय शिकतो आणि ती त्याच्याकडून काय, हा धागा मध्येच सुटला. डिसेंबर २०२२ मध्ये या दोघा कलाकारांनी पुण्यात खरंच लग्न केलं तेव्हा लोकांना झालेला आनंद मी पाहिला आहे. पडद्यावर राहिलेलं कुठेतरी पूर्ण झालं, असंच बऱ्याच जणांना वाटलं.

९. श्री आणि जान्हवी?

'होणार सून मी ह्या घरची' (२०१३ ते २०१६) मध्ये श्री जान्हवीला बँकेत भेटतो तिथपासूनचे महिने फार गोड होते. शशांक केतकर यांचा श्री घरातल्या एवढ्या बायकांमध्ये वाढलेला, म्हणून बाईचं ऐकून घेणारा. असा नायक तेव्हा नवा होता. मग जान्हवीचं विस्मरण आलं, आणि नंतर ते लांबत गेलेलं बाळंतपण, ज्यावरून महाराष्ट्रभर विनोद झाले. लोक हसले, पण मला वाटतं त्या हसण्याखाली वैताग होता. पहिल्या मुलाची वाट बघणारं जोडपं हा किती हळवा काळ असतो! एवढे महिने हातात असून तोच दाखवला गेला नाही.

१०. मुख्य जोडीपेक्षा दुसरी जोडीच जास्त आवडते, असं मलाच होतं का?

नाही, खूप जणांना होतं, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या जोडीवर मालिकेचा भार नसतो, त्यामुळे त्यांचे प्रसंग मोकळे असतात.

'सहकुटुंब सहपरिवार'मधले पश्या आणि अंजी घ्या. अंजीचं लग्न ठरलं होतं वैभवशी, झालं पश्याशी. आकाश नलावडे आणि कोमल कुंभार यांनी त्या तडजोडीतून हळूहळू फुलणारी जी गंमत आणि ओढ दाखवली, ती त्या काळातली माझी सगळ्यात आवडती प्रेमकथा आहे. त्यांना वेगळी मालिका मिळाली असती तरी मी बघितली असती. त्याच घरातले सूर्या आणि सरिता, सुनील बर्वे आणि नंदिता पाटकर, यांच्याकडेही लक्ष द्यायला हवं होतं. धाकट्या भावांना आईवडिलांसारखं वाढवणारं जोडपं स्वतः जोडपं कधी असतं? तो प्रश्न मालिकेने अधूनमधून विचारला आणि सोडून दिला.

'माझी तुझी रेशीमगाठ'मधले समीर आणि शेफाली. यशचा मित्र आणि नेहाची मैत्रीण. संकर्षण कऱ्हाडे आणि काजल काटे पडद्यावर आले की घरातले सगळे पुढे सरसावून बसायचे. पण त्यांना यश-नेहाच्या गोष्टीतले मदतनीस म्हणूनच वापरलं गेलं.

आणि 'आई कुठे काय करते'मधले यश-गौरी; हा यश म्हणजे अरुंधतीचा मुलगा. एवढं जमवलेलं नातं, गौरी त्याला सोडून निघून गेली आणि विषय संपला. पुढे यशच्या आयुष्यात आरोही आली. गौरीचं जाणं यशला किती लागलं, याला आणखी थोडे भाग द्यायला काय हरकत होती?

११. 'रंग माझा वेगळा'त दीपा-कार्तिक वर्षानुवर्षं वेगळे होते. विरह हा प्रेमकथेचाच भाग नाही का?

विरह असतो, संशय नसतो. कार्तिकने दीपाच्या चारित्र्यावर संशय घेतला, ती गरोदर असताना. जुळ्या मुली वेगवेगळ्या घरांत वाढल्या. मुली मोठ्या झाल्या तरी आईबाप दूरच. रेश्मा शिंदे यांनी दीपाचा स्वाभिमान फार ताकदीने उभा केला. सावळ्या रंगावरून हिणवली गेलेली मुलगी आणि तिला पहिल्यांदा सुंदर म्हणणारा डॉक्टर, ही सुरुवात होती. त्यानेच घात केल्यावर परत विश्वास बसायला काय काय लागतं, तेच खरं बघण्यासारखं होतं. सत्य उघड होण्याला भाग मिळाले, पश्चात्तापाला कमी मिळाले. माफी ही एका प्रसंगात मागून होत नाही.

१२. ओम आणि स्वीटूच्या लग्नात जे झालं ते तुम्ही माफ केलंत का?

नाही केलं. 'येऊ कशी तशी मी नांदायला' (२०२१ ते २०२२) मध्ये ओमची स्वीटू चारचौघींसारखी सडपातळ नव्हती आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. शाल्व किंजवडेकर आणि अन्विता फलटणकर यांची जोडी म्हणून तर लोकांना जवळची वाटली. सगळे लग्नाची वाट बघत असताना मांडवात स्वीटूच्या गळ्यात माळ पडली दुसऱ्याच मुलाची, मोहितची! लोक भयंकर चिडले. पुढे ओम-स्वीटू एकत्र आले, पण मधले महिने गैरसमज निस्तरण्यात गेले. धक्का देण्यासाठी जोडी मोडली की नंतर ती जोडता येते, पण प्रेक्षकाचा भरवसा तसा जोडता येत नाही.

१३. लेखक हे मुद्दाम करतात का?

मला तसं वाटत नाही. कामाची रीतच अशी आहे. मालिका आठवड्यात सहा दिवस, कधी सातही दिवस असते. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. भांडणाच्या आठवड्यात आकडा वर गेला की पुढच्या आठवड्यात भांडण वाढतं. श्रेयनामावली नीट वाचलीत तर कथा, पटकथा आणि संवाद यांना वेगवेगळी नावं दिसतील. घटना एकाने ठरवायची, बोलणं दुसऱ्याने लिहायचं. घटना पुढे सरकवणं सोपं पडतं, पण दोन माणसं हळूहळू जवळ येण्याची गोष्ट अशी तुकड्यांत लिहिणं फार अवघड आहे. शिवाय हाताशी भागांची 'बँक', म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, कमी असली की आज लिहिलेलं दोन-तीन दिवसांत दिसायला लागतं.

रिमेकचाही भाग आहे. 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी'वरून, 'सहकुटुंब सहपरिवार' तमिळ 'पांडियन स्टोअर्स'वरून, 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून. ढाचा तयार मिळतो, पण कलाकारांमध्ये जे उमलतं ते त्या ढाच्यात लिहिलेलं नसतं. बंगालीतला रोहित सेन, मराठीतला आशुतोष आणि हिंदी 'अनुपमा'मधला अनुज हे एकाच जागेवरचे तिघे, पण ओंकार गोवर्धन यांचा आशुतोष अगदी वेगळा माणूस होता. त्याच्यासाठी वेगळं लिहायला हवं होतं.

१४. नायिका किंवा नायक बदलला तर प्रेमकथा टिकते का?

क्वचित. 'प्रेमाची गोष्ट'मध्ये २०२५ च्या सुरुवातीला तेजश्री प्रधान गेल्या आणि स्वरदा ठिगळे मुक्ता झाल्या. नवी अभिनेत्री कितीही चांगली असली तरी सागर आणि मुक्ता यांच्या डोळ्यांची ओळख पुन्हा पहिल्यापासून व्हावी लागते. मालिकेने तेवढा अवधी द्यावा, दोघांना काही दिवस एकत्र शांत प्रसंग द्यावेत. बहुतेक वेळा नवीन चेहरा येतो तोच मोठ्या संकटाच्या मध्यात. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली शनायाची भूमिका रसिका सुनीलकडून ईशा केसकरकडे आणि परत रसिकाकडे गेली तरी चाललं, कारण तिथे कारस्थान महत्त्वाचं होतं. प्रेमात तसं चालत नाही.

१५. अर्जुन-सायली अजून चालू आहेत. त्यांच्याबद्दल मत बनवणं घाईचं नाही का?

पूर्ण मत नाही देत. पण 'ठरलं तर मग' डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे आणि कराराचं लग्न खऱ्या प्रेमात बदलायला फार, फार वेळ घेतला गेला. जुई गडकरी आणि अमित भानुशाली यांच्यात ओढ आहे हे लहान पोरालाही कळत होतं, तरी मनातलं ओठांवर येत नव्हतं, कारण सायलीला वाढवणाऱ्या मधुभाऊंची केस आणि प्रियाची लबाडी आडवी यायची. घना-राधाने (प्रश्न २) हाच प्रवास काही महिन्यांत केला होता. वाट बघायला लावणं वाईट नाही. वाट बघून झाल्यावर पोटभर मिळायला हवं.

१६. नायकच खलनायक निघाला तर ती जोडी धरायची का? विक्रांत-ईशाबद्दल विचारते आहे.

'तुला पाहते रे' (२०१८ ते २०१९) बघताना माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका सुबोध भावे यांच्या विक्रांत सरंजामेंच्या प्रेमात होत्या. वयातलं मोठं अंतर, तिच्या घरच्यांचा विरोध, हे सगळं खरं वाटत होतं. मग कळलं की त्याच्या पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा, घात करणारा तोच, आणि ईशा तिचाच पुनर्जन्म. धक्का जबरदस्त होता. पण मला त्या मुलीचं दुःख हवं होतं. ज्याच्यावर प्रेम केलं त्याचं सगळंच खोटं होतं हे कळल्यावर ती रात्री काय करते? मालिका लगेच सूडाकडे वळली. म्हणून ही जोडी मी यादीत धरते, पण एकट्या ईशासाठी.

१७. अण्णा-शेवंता? जयंत-जान्हवी?

या दोन्ही मी धरत नाही. 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी जे उभं केलं ते विलक्षण होतं, पण ती सत्तेची, वासनेची आणि सर्वनाशाची गोष्ट आहे. तिला आणखी प्रेमप्रसंग देणं म्हणजे तिची धार घालवणं. 'लक्ष्मी निवास'मधला जयंत बायकोला डोळ्यांआड होऊ देत नाही, आणि काही वाचक लिहितात की 'किती प्रेम करतो!' कृपा करून तसं म्हणू नका. ताबा ठेवणं वेगळं. 'तू तिथे मी'मधला संशयी सत्यजितही असाच. चिन्मय मांडलेकर यांनी तो उत्तम केला म्हणून तो प्रेमळ ठरत नाही.

१८. 'उंच माझा झोका'तले रमाबाई आणि न्यायमूर्ती रानडे यांना या यादीत घेणं बरोबर आहे का? तो बालविवाह होता.

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण इथे खरंच जपून बोलायला हवं. १८७३ साली लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या आणि महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे विधुर. त्या लग्नाला प्रेमकथा म्हणता येणार नाही आणि मालिकेनेही सुरुवातीला ते गुरु-शिष्याचं नातं म्हणून दाखवलं, ते योग्यच. पण रमाबाई मोठ्या झाल्या, घरातल्या बायकांचा विरोध सोसून शिकल्या, इंग्रजी बोलू लागल्या, पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं. दोन प्रौढ माणसांत, पुस्तकांच्या आणि कामाच्या सोबतीने जी जवळीक तयार झाली, ती स्पृहा जोशी आणि विक्रम गायकवाड यांच्या काळातल्या भागांत आणखी यायला हवी होती. बालपणाच्या भागांवर लोकांचं प्रेम जास्त होतं, त्यामुळे नंतरचा काळ भराभर उरकल्यासारखा वाटला.

१९. आम्ही मालिका सासूबाईंबरोबर बघतो. जास्त रोमँटिक प्रसंग आले तर अवघडल्यासारखं होतं. तुम्हाला तसलं हवंय का?

नाही हो. मला मिठ्या वाढवून नको आहेत. राणाने अंजलीकडे न बघता तिच्यासाठी काहीतरी करावं, एवढ्याने घर थांबायचं. आदित्य-मेघना एका खोलीत बरेच दिवस परक्यासारखे राहिले आणि तरीही तो काळ सगळ्यात रोमँटिक होता. तुमच्या सासूबाईंना विचारून बघा, त्यांना कोणती जोडी आठवते. बहुतेक त्या अशाच एखाद्या न बोलल्या प्रसंगाबद्दल सांगतील.

२०. तुम्हाला एकच प्रसंग लिहायला मिळाला तर कोणत्या जोडीचा लिहाल?

राधिका आणि सौमित्र. रविवारची सकाळ. गुरुनाथ, शनाया, कंपनी, वकील, यांपैकी कोणाचाही उल्लेख नाही. राधिकेने सांबारवडीचा घाट घातला आहे; तिच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ओट्यावर बेसनाचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकलेला. सौमित्र खाली वर्तमानपत्रावर सांबाराच्या जुड्या पसरून बसला आहे आणि एकेक काडी इतकी निरखून निवडतो आहे की अर्ध्या तासात एकच जुडी झाली.

ती वळून बघते. पूर्वीच्या घरी हे काम अंगावर पडायचं, कोणी शेजारी बसायचं नाही. ती काही बोलत नाही. हात पुसते, त्याच्यासमोर येऊन बसते आणि त्याच्या पुढ्यातली एक जुडी आपल्याकडे ओढते.

'लवकर उरकायचं होतं का?' तो विचारतो.

'नाही जी,' राधिका म्हणते. 'होऊ द्या हळूहळू.'

फोन वाजत नाही. दारावरची बेल वाजत नाही. दोघं निवडत बसतात, आणि तेवढ्यात भाग संपतो.